जळजळ नाही, ताप नाही; मग लघवीचं कल्चर कशाला?

मुतखड्याच्या ऑपरेशनआधी त्रास नसेल तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) नको, असा समज आहे. वाटणं साहजिक आहे, पण जंतू खड्याच्या आतच दडलेले असू शकतात. लेझरने खडा फुटला की ते सुटतात आणि दुर्बिणीतून सोडलेल्या पाण्याच्या दाबाने रक्तात शिरू शकतात.

साध्या तपासणीत पस सेल्स (पूच्या पेशी) दिसतात; जंतू कोणता, औषध कोणतं लागू पडेल, हे कल्चर सांगतं. त्याला २-३ दिवस लागतात. पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या, तासाभरात लॅबला पोचवा. जंतू सापडले तर रिपोर्टवरची ‘सेन्सिटिव्हिटी’ची (त्या जंतूवर कोणती औषधं चालतात, याची) यादी पाहा, औषध त्याप्रमाणे ऑपरेशनआधीच सुरू व्हायला हवं.

खड्यातले जंतू कधी कल्चरलाही चुकवतात. म्हणून ऑपरेशननंतर घरी गेल्यावर हुडहुडी भरून ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.