पडद्याआडून आलेला शब्द

घरात कुत्रा असला की 'फिरायला' हा शब्द जपून वापरावा लागतो. दोघं जण संध्याकाळच्या बेताबद्दल बोलत असतात, शब्द तोंडातून निसटतो आणि कोपऱ्यात डोळे मिटून पडलेला मोत्या उठून दाराशी उभा राहतो. मग घरची मंडळी 'चक्कर', 'राउंड' असे आडवळणाचे शब्द शोधतात. काही दिवसांत तेही त्याला पाठ होतात. असं घरात घडताना पाहिलेला माणूस छातीठोकपणे सांगतो, 'त्याला सगळं कळतं.' पण नक्की काय कळतं? शब्द, सूर, की आपलं चपलांकडे वळलेलं लक्ष? हा प्रश्न निदान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तपासला जातो आहे, आणि तपासणाऱ्यांना पुन्हा पुन्हा एकच युक्ती करावी लागली: बोलणाऱ्या माणसाला कुत्र्याच्या नजरेआड न्यायचं.

इंग्लंडमधले बँकर आणि निसर्गअभ्यासक सर जॉन लबक यांनी १८८०च्या दशकात आपल्या व्हॅन नावाच्या पूडलला छापील शब्दांचे पुठ्ठे ओळखायला शिकवलं. खायला हवं असेल तर त्या शब्दाचा पुठ्ठा तोंडात धरून आणायचा. व्हॅन आणायचाही. कुत्रा आपल्याशी बोलू शकेल का, हे कौतुकापलीकडे जाऊन, नोंदी ठेवून पाहण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

पुढे बर्लिनमध्ये जे घडलं, त्याची सावली या विषयावर कायमची पडली. तो किस्सा घोड्याचा आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स टाप आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा तिला लबाडी सापडली नाही. त्यानंतर ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने नेटाने चाचण्या घेतल्या आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसलं, किंवा तो हान्सला दिसत नसला, की हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स नेमकं तेच वाचायचा. फॉन ओस्टेन कोणाला फसवत नव्हते. त्यांचा जनावरावर मनापासून विश्वास होता, म्हणूनच ही हकिगत मला चटका लावते. तेव्हापासून प्राण्याच्या समजुतीबद्दल कोणी दावा केला की पहिला प्रश्न ठरलेला: माणूस समोर नसतानाही तो हे करतो का?

कुत्र्याच्या बाबतीत या प्रश्नाला १९२८ मध्ये नीट उत्तर मिळालं. अमेरिकेत फेलो नावाचा जर्मन शेफर्ड होता, सिनेमात काम केलेला. त्याचे मालक जेकब हर्बर्ट म्हणत, की त्याला सुमारे चारशे शब्द कळतात. विशेष म्हणजे त्यांनी स्वतःच कोलंबिया विद्यापीठातल्या वॉर्डन आणि वॉर्नर या मानसशास्त्रज्ञांना चाचणी घ्या म्हणून गळ घातली. हर्बर्टना पडद्याआड उभं केलं. तिथून आवाज आला तरी फेलो बस, झोप, उठ अशा कितीतरी आज्ञा पाळत होता. म्हणजे कान खरोखर शब्द पकडत होते. पण अमुक वस्तू आण, तमुक जागी जा, असं सांगितलं की गाडी अडायची. मालक दिसत असताना जमणारी ही कामं पडदा आल्यावर फसू लागली, कारण तोवर फेलो हर्बर्टच्या नजरेचा रोख पाहून दिशा ठरवत होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात प्रामाणिक निकाल हाच. दोन्ही बाजू त्यात आहेत, आणि आजही सर्वसाधारण घरच्या कुत्र्याचं चित्र साधारण असंच आहे.

त्यानंतर बराच काळ कुत्रा मागे पडला. प्रयोगशाळांत उंदीर आणि कबुतरं आली, भाषेसाठी चिंपांझी आणि गोरिला आले. माणसाच्या घरात वाढलेला कुत्रा हा 'नैसर्गिक' प्राणीच नव्हे, असा एक समज होता. तो बदलायला १९९४ मध्ये बुडापेस्टच्या एत्व्हश लोरांड विद्यापीठात व्हिल्मोश चानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती कुत्र्यांवर सुरू केलेला प्रकल्प मोठं कारण ठरला. १९९८ मध्ये त्याच गटातले आदाम मिक्लोशी आणि अमेरिकेतले ब्रायन हेअर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कुत्रा माणसाचं बोट पाहून लपवलेला खाऊ शोधतो हे दाखवलं. फेलोच्या वेळी जो दोष वाटला होता, तेच आता कुत्र्याचं मोठं कसब ठरलं.

मग रिको आला. जर्मनीतला हा बॉर्डर कोली जातीचा कुत्रा सुमारे दोनशे खेळण्यांची नावं ओळखायचा. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत युलियाने कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी त्याची परीक्षा घेतली ती खेळणी दुसऱ्या खोलीत ठेवून, म्हणजे नजरेचा प्रश्नच उरला नाही. ओळखीच्या खेळण्यांत एक नवं ठेवून, कधी न ऐकलेलं नाव उच्चारलं, तर दहापैकी सात वेळा त्याने नवंच खेळणं आणलं. ज्यांची नावं माहीत आहेत ती सोडली, उरलेलं ते हे, असा हिशोब तो करत असावा. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि शंकाही लगेच निघाली: रिकोला 'मोजा' ही वस्तू कळते, की 'मोजा आणणे' हे एकसंध काम? अमेरिकेतले निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी आपल्या चेसर या बॉर्डर कोलीला तीन वर्षं रोज तासन्‌तास शिकवून १०२२ वस्तूंची नावं शिकवली. ती स्वतःला आठवावीत म्हणून ते प्रत्येक खेळण्यावर नाव लिहून ठेवत. त्याच खेळण्याला तोंडात घे, पंजा लाव, नाक लाव, अशा वेगवेगळ्या क्रिया करायला सांगून त्यांनी नाव आणि काम चेसरला वेगळं कळतं हे २०११ मध्ये दाखवलं.

हे वाचून आपल्या मोत्याकडे निराशेने पाहू नये. बुडापेस्टच्या गटाने घरगुती कुत्र्यांना तीन महिने फक्त दोन खेळण्यांची नावं शिकवून पाहिली. बहुतेकांना एकही जमलं नाही. रिको आणि चेसर हे अपवादच.

आता तर माणूस पडद्याआड नव्हे, थेट हेडफोनमध्ये गेला आहे. मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये स्वखुशीने निपचित पडून राहायला शिकवलेल्या तेरा कुत्र्यांना बुडापेस्टच्याच विद्यापीठातल्या आटिला आन्डिच यांच्या गटाने कौतुकाचे आणि निर्विकार शब्द दोन्ही सुरांत ऐकवले. २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं, की मेंदूतलं आनंदाचं केंद्र खुलतं ते कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला तरच. लाडात येऊन काहीही बोललं तरी चालतं, हा आपला समज त्यामुळे डळमळतो. पण २०२० मध्ये त्याच विद्यापीठातून दुसरी बाजू आली: ओळखीची आज्ञा आणि तिच्यात एकच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द, यांतला फरक कुत्र्यांच्या मेंदूच्या लहरींत दिसला नाही. मराठीत पाहायचं तर 'ये' आणि 'दे' या दोन आज्ञा एकाच कुत्र्याला शिकवणं अवघड जाईल, असा त्याचा अर्थ मी लावते.

भाषा कोणती, याने फरक पडतो का? मेक्सिकोहून बुडापेस्टला आलेल्या लाउरा क्वाया यांना आपल्या कुनकुन या कुत्र्याबद्दल हाच प्रश्न पडला. २०२२ मध्ये त्यांनी दाखवलं, की परिचित आणि अपरिचित भाषा कुत्र्यांचा मेंदू वेगळ्या ओळखतो. आपल्याकडे हे रोजचं आहे. घरातल्या गप्पा मराठीत, आणि कुत्र्याला मात्र 'सिट', 'कम', 'नो'. गावाकडे 'यू यू' करून बोलावणं, 'छू' म्हणून सोडणं, 'हाड' म्हणून हाकलणं, ही त्याच्यासाठीच राखलेली जुनी बोली.

त्यातला 'हाड' बहुतेक रस्त्यावरच्यांच्या वाट्याला येतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट याच कुत्र्यांचा अभ्यास करतो. कोणी न शिकवलेल्या, कोणाच्याच नसलेल्या कुत्र्यांसमोर त्यांनी दोन वाडगी ठेवली आणि हाताने एकाकडे खूण केली. २०२०च्या या अभ्यासात जे कुत्रे वाडग्यांपर्यंत आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी माणसाच्या खुणेप्रमाणे वाडगं निवडलं. जवळपास निम्मे मात्र पुढे आलेच नाहीत. त्यांच्या हालचालींत भीती दिसत होती, आणि खूण कळण्याचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.