शेवटच्या थराचे ७८ अल्गोरिदम: हा आकडा आला कुठून?

रुबिक क्यूब वेगाने सोडवायला शिकणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी ७८ हा आकडा उभा राहतो: क्यूबचा शेवटचा थर लावायला पाठ करायच्या अल्गोरिदमांचा, म्हणजे वळणांच्या ठरलेल्या क्रमांचा. त्या थराच्या दोन टप्प्यांचे मिळून ते होतात: ५७ ओएलएल आणि २१ पीएलएल. पुण्या-मुंबईतल्या स्पर्धांना आलेली शाळकरी पोरंसुद्धा एकमेकांना पहिल्यांदा विचारतात ते हेच: "फुल पीएलएल झालं का तुझं?" या आकड्याची गंमत अशी, की गेली चाळीसेक वर्षं तो जागचा हललेला नाही. त्याच्या आतलं जवळजवळ सगळं मात्र बदलून गेलं आहे.

आधी थोडं गणित, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच चालते. खालचे दोन थर लागले की वर उरतात आठ तुकडे: चार कोपरे, चार कडा. या आठ तुकड्यांच्या ६२,२०८ स्थिती होऊ शकतात. वरचा थर नुसता फिरवून किंवा क्यूब हातात वळवून ज्या स्थिती एकसारख्या होतात त्या एकच धरल्या, तरी ३,९१५ प्रकार उरतात आणि सुटलेला क्यूब वेगळा. म्हणजे एका नजरेत ओळखून एका दमात संपवायचं, तर तेवढे क्रम पाठ हवेत. ते जमण्यासारखं नसेल, तर काम दोन हप्त्यांत करायचं. वरची बाजू पिवळी धरली, तर आधी सगळे पिवळे चेहरे वर आणायचे, म्हणजे ओएलएल. मग ते वरच ठेवून तुकड्यांची फक्त अदलाबदल करायची, म्हणजे पीएलएल. पहिल्या हप्त्यात ५७ प्रकार, दुसऱ्यात २१.

एर्नो रुबिक यांनी क्यूब बनवला १९७४ मध्ये, बुडापेस्टला. हंगेरीच्या दुकानांत तो १९७७ मध्ये आला आणि 'आयडियल टॉय' या अमेरिकी कंपनीमार्फत १९८० मध्ये जगभर पसरला. पण अल्गोरिदम पाठ करायचा तर आधी तो लिहिता आला पाहिजे. ही सोय केली लंडनमधले गणिताचे प्राध्यापक डेव्हिड सिंगमास्टर यांनी. १९७८ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक गणित परिषदेत त्यांना क्यूब मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्यांची टिपणवही छापून आली. क्यूबच्या सहा बाजूंना त्यांनी रंगांवरून नावं दिली नाहीत, जागेवरून दिली: उजवी, डावी, वरची, खालची, पुढची, मागची. प्रत्येकीला इंग्रजीतलं एक अक्षर. आज कुठल्याही देशातला क्यूबर 'आर, यू, आर-प्राइम, यू-प्राइम' (आर म्हणजे उजवी, यू म्हणजे वरची, प्राइम म्हणजे उलटं वळण) म्हणतो तो त्या वहीमुळे. रंगांवरून लिहिण्याची पद्धत रूढ झाली असती, तर प्रत्येक कंपनीच्या क्यूबसाठी वेगळी पाठांतरं करावी लागली असती.

त्या काळात शेवटचा थर म्हणजे हत्यारांची छोटी पेटी होती. तीन कडा गोल फिरवणारा एक क्रम, तीन कोपरे फिरवणारा एक, कोपरे जागच्या जागी पिळणारा एक. हे तीन-चार क्रम पुन्हा पुन्हा वापरत जायचं. क्यूब सुटायचा, पण दर थोड्या वेळाने थांबून 'आता काय?' असं बघावं लागायचं. वेगाचा खरा शत्रू हा थांबा आहे. क्यूबर त्याला 'लुक' म्हणतात, आणि शेवटच्या थराचा सगळा इतिहास हे लुक कमी करण्याचा इतिहास आहे. लुक कमी केला की पाठांतर वाढतं. या सौद्यातून अजून कुणाची सुटका झालेली नाही.

तेव्हा सगळेच थराथराने जात होते असंही नाही. ५ जून १९८२ रोजी बुडापेस्टमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती अमेरिकेच्या मिन थाय या सोळा वर्षांच्या मुलाने २२.९५ सेकंदांत जिंकली, आणि तो आधी कोपरे लावून मग कडांकडे वळणारा होता. त्या पद्धतीत 'शेवटचा थर' असा टप्पाच येत नाही. नेदरलँड्सचा मार्क वॉटरमनही याच घराण्यातला. त्याची पद्धत ऐंशीच्या दशकातल्या सर्वांत वेगवान पद्धतींत गणली जाते. थर पद्धत पुढे जगभर पसरेल असं १९८२ मध्ये निकालाचा तक्ता बघून कुणी म्हटलं नसतं.

त्याच स्पर्धेत दहाव्या क्रमांकावर चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या जेसिका फ्रिडरिच होत्या. पुढे त्यांच्या नावाने ओळखली गेलेली पद्धत अशी: तळाच्या चार कडा लावून क्रॉस, मग कोपरा आणि कड यांच्या जोड्या करून दोन थर एकदमच, मग ओएलएल, मग पीएलएल. आता हे सगळं त्यांचं एकट्याचं नाही. जोड्या लावण्याच्या युक्तीचं श्रेय सहसा नेदरलँड्सच्या रेने स्खोफ यांना दिलं जातं. शेवटच्या थराच्या बाबतीत हान्स डॉकहॉर्न आणि अनेके ट्रेप ही डच नावंही घेतली जातात. त्या काळी लोखंडी पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक एकाच कोड्यावर डोकं चालवत होते आणि एकमेकांची उत्तरं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. एकाच ठिकाणी दोन वाटांनी पोचणं त्यात साहजिकच होतं. म्हणून हल्ली बरेच जण 'फ्रिडरिच मेथड' म्हणायचं टाळतात आणि टप्प्यांच्या आद्याक्षरांवरून 'सीएफओपी' म्हणतात. मला हे रास्त वाटतं. फक्त एक गोष्ट विसरू नये: कल्पना सुचणं वेगळं आणि शेवटच्या थराचा एकेक प्रकार बसून सोडवून पूर्ण यादी तयार करणं वेगळं. त्या कामात फ्रिडरिच यांचा वाटा मोठा आहे, आणि ते संगणकाच्या मदतीशिवाय झालं होतं.

आधी दिशा, मग जागा, हा क्रमही विचार करण्यासारखा आहे. उलटं करता आलं असतं, तुकडे आधी जागेवर नेऊन मग पिवळे चेहरे वर वळवता आले असते. सुरुवातीच्या कितीतरी पद्धती तशाच होत्या. पण जागा ओळखायला बाजूचे रंग वाचावे लागतात आणि तुकडे उलटेसुलटे असताना ते वाचणं जिकिरीचं असतं. दिशा आधी घेतली तर वरून पिवळ्याची नुसती नक्षी दिसते आणि ती क्षणात ओळखू येते. ७८ चा टिकाऊपणा मला तरी यातच दिसतो.

१९८३ नंतर क्यूबची लाट ओसरली आणि स्पर्धाही थांबल्या. फ्रिडरिच अमेरिकेत गेल्या आणि बिंगहॅमटन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. फोटो नेमका कोणत्या डिजिटल कॅमेऱ्याने काढला हे सेन्सरच्या खुणांवरून ओळखण्याचं त्यांचं संशोधन न्यायवैद्यक क्षेत्रात सर्वज्ञात आहे. क्यूबच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९९७. त्या वर्षी त्यांनी आपली सगळी पद्धत आकृत्यांसकट इंटरनेटवर टाकली, फुकट. १९८२ मध्ये मागे पडलेली पद्धत जिंकली ती इथे. कोपऱ्यांपासून सुरू होणाऱ्या पद्धती काही हळू नव्हत्या. त्या शिकायला मिळायच्या नाहीत, एवढंच. २००३ मध्ये टोरोंटोला एकवीस वर्षांनी दुसरी जागतिक स्पर्धा भरली. डॅन नाइट्स २०.०० सेकंदांच्या सरासरीने जिंकला आणि फ्रिडरिच २०.४८ सेकंदांसह दुसऱ्या आल्या. पुढच्या वर्षी रॉन व्हान ब्रुखेम आणि टायसन माओ यांनी वर्ल्ड क्यूब असोसिएशन स्थापन केली.

इथून पुढचा बदल आहे तो यादीच्या आतला. पीएलएलच्या प्रत्येक प्रकाराला अक्षरावरून 'अमुक-पर्म' असं नाव आहे. फ्रिडरिच यांच्या काळातला तीन कडा फिरवणारा यू-पर्म नऊ वळणांचा होता, पण त्यात पुढची आणि मागची बाजू एकाच वेळी फिरवावी लागे. आज बहुतेक जण अकरा वळणांचा यू-पर्म करतात. दोन वळणं जास्त, तरीही वेळ कमी, कारण सगळी वळणं फक्त उजव्या आणि वरच्या बाजूची असतात आणि हाताची पकड सुटत नाही. जुन्या लोकांनी वळणं मोजली. नवे लोक बोटांच्या हालचाली मोजतात. जर्मनीच्या हर्बर्ट कोसिएम्बा यांच्या 'क्यूब एक्सप्लोरर' या प्रोग्रॅममुळे हे शक्य झालं. एखाद्या स्थितीसाठी तो पानंच्या पानं भरून क्रम काढून देतो, आणि मग त्यातला हाताला बसणारा निवडणं एवढंच माणसाकडे उरतं. दुसरीकडे क्यूबही बदलला. ऐंशीच्या दशकातला कडक, अडकणारा क्यूब जाऊन २०१० च्या आसपास चिनी कंपन्यांचे सैल, कोपरा पूर्ण न जुळताही फिरणारे क्यूब आले, नंतर त्यांत चुंबकही बसले. मधला थर बोटाने झटकन उडवणं सोपं झालं आणि एच-पर्म, झेड-पर्म यांचे मधल्या थरावर चालणारे क्रम सर्रास झाले.

शिकण्याचीही एक परंपरा तयार झाली. ७८ एकदम कुणी पाठ करत नाही. आधी प्रत्येक टप्प्याचे पुन्हा दोन भाग करून दहा आणि सहा, असे सोळा अल्गोरिदम घेतात. मग पूर्ण पीएलएल, सगळ्यात शेवटी पूर्ण ओएलएल. हा रस्ता साऱ्या जगाला तोंडपाठ करून देण्यात 'बॅडमेफिस्टो' या यूट्यूब वाहिनीचा मोठा हात होता. ती चालवणारा विद्यार्थी म्हणजे पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात नाव कमावलेला आंद्रेई कार्पथी, हे बऱ्याच क्यूबरांना फार नंतर कळलं.

पीएलएल शिकताना जवळजवळ सगळे जी-पर्म शेवटी ठेवतात. ते चार आहेत आणि एकमेकांसारखे दिसतात. पण शक्यतेचा हिशेब केला तर हा आळस महागात पडतो: ७२ पैकी १६ वेळा, म्हणजे पाचातून एकदापेक्षा जास्त, जी-पर्मच येतो. ज्याला सगळे शिव्या देतात तो एन-पर्म मात्र दोन्ही रूपं धरूनही ७२ त दोनदाच. पीएलएल करायचीच गरज पडू नये अशी शक्यता ७२ त एक, आणि ओएलएल टळण्याची २१६ त एक. पूर्ण शेवटचा थर आपोआप लागलेला मिळायचा, तर १५,५५२ त एकदा.

पाठांतराची रीत घोकंपट्टीची नाही. 'आर, यू, आर-प्राइम, यू-प्राइम' किंवा स्वीडनच्या लार्स पेट्रस यांनी नाव दिलेला 'सूने' असे छोटे तुकडे बोटांत बसवायचे आणि मोठे क्रम त्यांतून जुळवायचे. टी-पर्म तर त्या चार वळणांनीच सुरू होतो. काही महिन्यांनी बोटांना सगळं येतं आणि डोक्याला काही आठवत नाही. चांगल्या क्यूबरला क्यूब हातात न देता एखादा पीएलएल लिहायला सांगून बघा, तो हवेत बोटं हलवायला लागेल.

७८ च्या पुढे जायचे प्रयत्न २००३ पासून चालू आहेत. पोलंडचे झ्बिग्नेव्ह झ्बोरोव्स्की आणि नेदरलँड्सचे व्हान ब्रुखेम यांनी सुचवलं की शेवटची जोडी लावतानाच वरच्या कडा सरळ करून घ्याव्यात. तसं झालं तर उरलेला अख्खा थर एकाच अल्गोरिदममध्ये संपतो. त्या संचाला झेडबीएलएल म्हणतात आणि त्यात ४९३ प्रकार आहेत. बरीच वर्षं लोकांनी तो खुळेपणा मानला. ४९३ लक्षात राहिले तरी ते ओळखण्यात जाणारा वेळ वाचवलेल्या वेळापेक्षा जास्त, असा आक्षेप होता, आणि तो चुकीचाही नव्हता. तोडगा निघाला तो मधला: कडा मुद्दाम सरळ करायच्या नाहीत, पण आठातून एकदा त्या आपोआप सरळ येतात, तेव्हा झेडबीएलएल वापरायचा. कोपरे एका दमात लावणारा चाळीस अल्गोरिदमांचा सीओएलएल हा त्याच वाटेवरचा आधीचा मुक्काम. डच विक्रमवीर मॅट्स व्हाल्क याने शेवटची जोडी लावता लावताच ओएलएल उरकणारा संच काढला आणि त्याला त्याचंच नाव मिळालं.

दरम्यान वेळ कुठल्या कुठे गेली. २०१८ मध्ये यूशेंग डू याने ३.४७ सेकंद नोंदवले आणि २०२३ मध्ये मॅक्स पार्कने ३.१३. एवढ्या वेळात शेवटच्या थराच्या वाट्याला जेमतेम सेकंदभर येतो, आणि त्यातच ओळखणंही आलं. म्हणून अव्वल खेळाडू आता दुसऱ्या थराची शेवटची जोडी लावतानाच वरच्या तुकड्यांकडे डोळा ठेवतात आणि हात ओएलएल करत असताना पुढचा पीएलएल कोणता येणार हे कडेच्या रंगांवरून ताडतात. ३,९१५ ची पूर्ण यादी संगणकाने कधीच काढून दिलेली आहे. तिच्यातले निवडक तुकडे उचलून वापरणारे निघाले आहेत. सर्वसाधारण स्पर्धकाच्या हातात मात्र आजही तेच ५७ आणि २१ आहेत, फक्त त्यातला एखादा क्रम दर दोन-चार वर्षांनी नव्याने बसवायचा.