‘पिसपॉट’चं इंग्रजीत काय झालं

जानेवारी १८०६ मध्ये फिलिप ओटो रुंगे या चित्रकाराने हायडेलबर्गच्या एका प्रकाशकाला दोन गोष्टी लिहून पाठवल्या. रुंगे मूळचा वोल्गास्टचा, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरानियाचा. गोष्टी त्याने पुस्तकी जर्मनमध्ये लिहिल्या नव्हत्या, त्या किनाऱ्यावर बोलतात त्या प्लाटडॉइचमध्ये लिहिल्या होत्या. सहा वर्षांनी ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड निघाला तेव्हा त्यात दोन्ही आल्या. १९ क्रमांकाला कोळी आणि त्याच्या बायकोची गोष्ट, ४७ क्रमांकाला माखांडेलच्या झाडाची. तोंडी गोष्ट कागदावर कशी उतरवावी याचा नमुनाच ग्रिम बंधूंना त्यांत दिसला. बोली त्यांनी पुस्तकी जर्मनमध्ये बदलली नाही, बोलीतच छापली. जर्मन आणि इंग्रजी अद्भुतकथांमध्ये बोलीची जी ओढाताण पुढे झाली, तिची मुळं बरीचशी या दोन गोष्टींत सापडतात.

कोळ्याची गोष्ट सुरू होते ती कोळी आणि त्याची बायको राहतात कुठे इथपासून. ते राहतात ‘पिसपॉट’मध्ये. मुताच्या भांड्यात. घाणेरड्या खोपटाला दिलेलं ते नाव समजा, नाहीतर खरंच भांडं समजा. गोष्ट काही खुलासा करत नाही, आणि मजा त्यातच आहे. कोळ्याच्या गळाला एक बोलका मासा लागतो, आपल्याकडच्या लेपासारखा चपटा. कोळी त्याला सोडून देतो. मग बायको त्याला पुन्हापुन्हा समुद्रावर पिटाळते: आधी बरं घर माग, मग वाडा, मग राजेपद, बादशाही, पोपची गादी. शेवटी तिला देवच व्हायचं असतं. त्यावर मासा एवढंच म्हणतो, ‘जा, ती पुन्हा पिसपॉटमध्येच बसलीय.’ पहिल्या वाक्यातला शब्द शेवटच्या वाक्यात परत येतो आणि गोष्टीची गाठ बसते. तो शब्द काढला की गाठही सुटते.

एडगर टेलर या लंडनच्या वकिलाने १८२३ मध्ये ग्रिमच्या निवडक गोष्टी इंग्रजीत आणल्या. चित्रं जॉर्ज क्रुकशँकची. पुस्तक चांगलंच गाजलं. ते पाहून ग्रिम बंधूंनीही १८२५ मध्ये मुलांसाठी छोटी आवृत्ती काढली. टेलरच्या पुस्तकात कोळी राहतो ‘डिच’मध्ये, म्हणजे चरात. बायकोचं नाव इल्झेबिल, तिची झाली ॲलिस. आणि तिला देव व्हायचं नाही, फक्त सूर्यचंद्रावर हुकूम चालवायचा आहे. मुलांच्या पुस्तकात मुताचं भांडं आणि देवाची बरोबरी दोन्ही चालणार नाही हे टेलरने ओळखलं होतं. त्याला दोष देणं सोपं आहे. पण गोष्टी इंग्रज घराघरांत पोचवल्या त्यानेच.

१८८४ मध्ये मार्गारेट हंट या कादंबरीकर्तीने सगळा संग्रह टिपांसकट इंग्रजीत आणला. अनुवाद टेलरपेक्षा कितीतरी प्रामाणिक. तिच्याकडे पिसपॉटचं ‘मिझरेबल हॉव्हेल’ झालं, गरीब खोपटं. देव व्हायची इच्छा मात्र तिने ठेवली. कोळी माशाला हाक मारतो ते गाणं मुळात असं आहे:

मांट्ये, मांट्ये, टिम्पे टे,
बुट्ये, बुट्ये इन दे झे,
मिने फ्रू दे इल्झेबिल
विल निख सो, आस इक वोल विल.

‘टिम्पे टे’ला धड अर्थ नाही, ‘अडगुलं मडगुलं’ला असतो तेवढाच. शेवटच्या ओळीत ‘विल’ दोनदा येतो: मला हवं तसं तिला नको. हंटने इंग्रजी ‘विल’ही दोनदा वापरला आणि ती ओळ साधली. टिम्पे टे मात्र गेलं.

आता यातली खरी गंमत. प्लाटडॉइच ही जर्मनच्या पोटातली बोली म्हणून ओळखली जाते, पण व्यंजनांच्या ज्या बदलातून पुस्तकी जर्मन घडली, तो बदल या उत्तरेकडच्या बोलीत झालाच नाही. इंग्रजीतही झाला नाही. पुस्तकी जर्मनमध्ये पाणी ‘वासर’, प्लाटमध्ये ‘वाटर’, इंग्रजीत ‘वॉटर’. ‘वास’, ‘वाट’, ‘व्हॉट’. ‘शिफ’, ‘शिप’, ‘शिप’. मासा दर खेपेला विचारतो ‘वाट विल से देन?’, आणि हे इंग्रज माणसाला अर्धंमुर्धं असंच कळेल. म्हणजे बोली इंग्रजीच्या शेजारची, आणि अनुवादकांनी नेलं ते लंडनच्या बैठकीच्या खोलीत. बोलीला बोलीनेच उत्तर द्यायचं तर स्कॉटलंडची भाषा हाताशी होती.

ती किती हाताशी होती ते दुसऱ्या, माखांडेलच्या झाडाच्या गोष्टीत दिसतं. सावत्र आई मुलाला मारते, बाप न कळता त्याचं मांस खातो, बहीण हाडं गोळा करून झाडाखाली ठेवते आणि मुलगा पक्षी होऊन गात सुटतो. पक्ष्याच्या गाण्यात बहीण ‘मार्लेनिकेन’ आणि हाडं ‘बेनिकेन’: लाडकी मार्लेन आणि चिमुकली हाडकं, एकाच लाडिक प्रत्ययात बांधलेली. क्रूर गोष्ट सुसह्य होते ती या प्रत्ययामुळे. टेलरच्या इंग्रजीत बाप खात नाही, त्याला फक्त मुलगा हरवला असं वाटतं, आणि बहीण होते ‘प्रिटी मार्जरी’. हंटने आई मारते, बाप खातो, सगळं ठेवलं. पक्ष्याचं ‘किविट, किविट’ही ठेवलं. हाडं मात्र नुसती ‘बोन्स’ झाली.

स्कॉटलंडमध्ये हीच गोष्ट आधीपासून सांगितली जात होती. रॉबर्ट चेम्बर्सच्या लोकगीतांच्या संग्रहात ती मिळते. त्यातलं पांढरं कबूतर गातं, ‘प्यू प्यू, माय मिनी मी स्ल्यू’, म्हणजे माझ्या आईने मला मारलं. आईला ‘मिनी’, हाडांना ‘बेन्झ’. रुंगेच्या गाण्याचा सूर इंग्लंडच्या वरच्या अंगाला जिवंत होता, पण जर्मन गोष्टींच्या या दोन्ही अनुवादकांनी तो उचलला नाही. माझ्या मते तेव्हा बोलीत लिहिणं म्हणजे नोकर, गावंढळ, विनोद असा वाचकांचा समज होता, आणि अनुवादकाला गोष्टीचं हसं करून घ्यायचं नव्हतं. ग्रिमच्या पुस्तकात मात्र पोप, बादशहा आणि मासा सगळे बोलीतच बोलतात. तिथे वरची भाषा कुणाचीच नाही.

झाडाचं नावही वाटेत बदललं. ‘माखांडेल’ हा उत्तरेचा शब्द, पुस्तकी जर्मनमध्ये ‘वाखोल्डर’. इंग्रजीत दोघांचा मिळून एकच ज्युनिपर.

वाक्यांपेक्षा नावांनी जास्त तग धरला, कधी चुकून. सायलेशिया आणि बोहेमियाच्या सीमेवरच्या रीझनगेबिर्ग डोंगरात र्‍यूबेत्साल नावाचा एक लहरी डोंगरदेव आहे. म्युझॉइस या जर्मन लेखकाने १७८० च्या दशकात त्याच्या गोष्टी लिहिल्या. त्यात पळवून आणलेली राजकन्या त्याला शेतातले सलगम मोजायला बसवते आणि तेवढ्यात निसटते. ‘र्‍यूबे’ म्हणजे सलगम, ‘त्सेलन’ म्हणजे मोजणं. १७९१ च्या इंग्रजी अनुवादकाने हे मनावर घेऊन त्याचं बारसं केलं ‘नंबर निप’: मोजणीचा नंबर आणि टर्निपमधला निप. कारागिरी उत्तम, पण पाया कच्चा. नावातला ‘त्साल’ बहुधा ‘त्सागेल’ या जुन्या शब्दाचा झिजलेला तुकडा आहे, आणि त्सागेल म्हणजे शेपूट. जुना शब्द लोकांना कळेनासा झाला, म्हणून मोजणीची गोष्ट रचली गेली आणि इंग्रजी नाव त्या गोष्टीवर उभं राहिलं.

जे शब्द भाषांतराविना गेले त्यांचंही काही धड झालं नाही. कोबोल्ड हा जर्मन घरातला भूतसेवक, वाटीभर दुधावर खूश. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात तो किरकोळ राक्षस झाला आणि आज जगभर मार खातो.

टेलरची एक युक्ती मात्र लाखमोलाची. रुम्पेलश्टिल्त्सखेन हा ग्रिमच्या एका गोष्टीतला बुटका, आणि नाव खडखड करणाऱ्या भुताचं. सोळाव्या शतकात फिशार्ट या जर्मन लेखकाने दिलेल्या खेळांच्या यादीत ‘रुम्पेले श्टिल्ट’ असा खेळही आहे. शेवटचा ‘खेन’ हा पुस्तकी जर्मनचा लाडिक प्रत्यय. टेलरने त्याजागी इंग्रजीतला जुना ‘किन’ बसवला आणि ‘रम्पेलस्टिल्टस्किन’ तयार झाला. हा ‘किन’ म्हणजे प्लाटडॉइचच्या ‘केन’चाच भाऊबंद, मार्लेनिकेनमधला. पुस्तकी जर्मनमधल्या बुटक्याला टेलरने नकळत किनाऱ्यावरचं शेपूट लावलं. आणि साठ वर्षांनी हंटने खुद्द किनाऱ्यावरच्या गोष्टीतल्या मार्लेनिकेनला पुस्तकी शेपूट लावून ‘मार्लिन्खेन’ केलं.

आपल्याकडे ग्रिमच्या बऱ्याचशा गोष्टी इंग्रजीतून आल्या, त्यामुळे मराठी मुलांना तो बुटका ‘किन’सकटच माहीत आहे.