जेलन हर्ट्स रुसून गेला नव्हता

अमेरिकन फुटबॉलच्या गप्पांत एक गोष्ट हमखास ऐकू येते: अलाबामा विद्यापीठाच्या संघाने जेलन हर्ट्सला अंतिम सामन्यात मध्यंतराला बाकावर बसवलं, आणि तो रुसून लगेच दुसऱ्या विद्यापीठात गेला. पहिला अर्धा भाग खरा आहे. जानेवारी 2018 मध्ये जॉर्जियाविरुद्ध त्याच्या जागी टुआ टॅगोव्हायलोआ उतरला आणि अलाबामा 26-23 ने जिंकलं.

पण हर्ट्स तेव्हा कुठेही गेला नाही. ज्याच्या संघाने त्याच्या हाताखाली फक्त दोनच सामने गमावले होते, असा हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) पुढचा अख्खा हंगाम राखीव म्हणून बाकावर बसला! डिसेंबर 2018 मध्ये पुन्हा जॉर्जियाच समोर, संघ 21-28 ने मागे, टुआ जखमी. हर्ट्स आला, बरोबरी साधणारा पास फेकला, शेवटी स्वतः धावत टचडाऊन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेला. 35-28.

त्याच महिन्यात पदवी घेऊन मगच त्याने ओक्लाहोमा विद्यापीठ गाठलं. इथे खरी मेख आहे. तेव्हाच्या नियमानुसार विद्यापीठ बदलणाऱ्याला सहसा वर्षभर बाहेर बसावं लागे. पदवीधराला मात्र लगेच खेळता येई. रागाच्या भरात निघालेला माणूस इतका हिशेब करत नाही, असं मला वाटतं.

‘ओक्लाहोमात तो झाकोळला’ असं कुणी म्हणत असेल, तर तेही खोटंच. 2019 च्या हाइझमन पुरस्कारात (विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) तो जो बरोच्या पाठोपाठ दुसरा आला. 2020 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला 53 व्या क्रमांकावर निवडलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.