शेवरले आद्रा: दाखवली, पण आली नाही

बडोद्याहून हालोलचा टोल रस्ता धरला की पावागडचा डोंगर समोर दिसत राहतो आणि हालोलला गाड्यांचा कारखाना लागतो. तिथे आज एमजीच्या गाड्या बनतात. त्यांतली कॉमेट फक्त २,९७४ मिलिमीटर लांब, म्हणजे पुरती तीन मीटरही नाही. पण २०१७ पर्यंत या फाटकावर शेवरलेचे सोनेरी बो-टायचे चिन्ह होते. त्या मालकाच्या म्हणजे जनरल मोटर्सच्या (जीएम) भारतीय शाखेनेही एक छोटी गाडी मोठ्या थाटात दाखवली होती. तिचे नाव आद्रा. बडोद्यात तवेरा अजून आठवते, क्रूझ हौशी लोकांनी जपून ठेवली आहे, आद्रा मात्र विस्मरणात गेली.

५ फेब्रुवारी २०१४ रोजी ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये आद्रावरचा पडदा बाजूला झाला. चार मीटरांच्या आत बसणारी एसयूव्ही, पुढे शेवरलेची दुभागलेली जाळी, आणि डिझाइन जीएमच्या बंगळुरूच्या स्टुडिओचे. परदेशी कंपनीने भारतात, भारतासाठी आखलेली गाडी म्हणून तिचे कौतुक झाले, आणि ते वाजवी होते. त्या वेळी जीएमकडे भारतात विकायला असलेल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या बाजारांसाठी आखलेल्या होत्या: सेल आणि एन्जॉय चीनमधून, बीट कोरियातून.

चार मीटरच का, हे समजायला करांचा तक्ता पाहावा लागतो. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली: लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत. या चौकटीतल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणले गेले. २०१३ मध्ये उलट बाजूने दट्ट्या आला. चार मीटरांहून लांब, १,५०० सीसीहून मोठे इंजिन आणि १७० मिलिमीटरहून जास्त ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचे पोट आणि रस्ता यांतले अंतर), या तिन्ही गोष्टी असलेल्या एसयूव्हीवर ३० टक्के. तेव्हा छोट्या गाडीवर १२ होते. कारखान्यातून ५ लाखांना निघणाऱ्या गाडीवर १२ टक्क्यांनी ६०,००० रुपये पडतात, ३० टक्क्यांनी १,५०,०००. एवढा फरक फक्त व्याख्येचा! मग प्रत्येक कंपनीला उंच बोनेटची, पण चार मीटरांतली गाडी हवी होती. फोर्डने इकोस्पोर्ट २०१३ च्या जूनमध्ये विकायला काढली आणि बाजार कुठे आहे ते सगळ्यांना दिसले.

आता खरा हिशेब. ४,००० मिलिमीटरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, आणि दोन्ही टोकांचे पुढे आलेले भाग बसवायचे असतात. व्हीलबेस २,५०० धरला तर दोन टोकांना मिळून १,५०० उरतात. पुढच्या वाट्यात बंपरची बीम, धडक शोषणारे डबे, रेडिएटर, पंखा आणि आडवे बसवलेले इंजिन. मागच्या वाट्यात डिकी. पुढे जागा कमी केली तर धडकेच्या चाचणीत इंजिन केबिनकडे सरकते. मागे कमी केली तर डिकीत दोन सुटकेस मावत नाहीत आणि गिऱ्हाईक शोरूममधूनच परत फिरते. एसयूव्हीसारखी भरदार दिसायची तर रुंदीही लागते. इकोस्पोर्ट १,७६५ मिलिमीटर रुंद होती. नंतर आलेली ब्रेझा १,७९०, नेक्सॉन १,८११.

जीएमच्या भारतीय ताटात त्या वेळी काय होते? बीटचा व्हीलबेस २,३७५, रुंदी १,६०० च्या आत. सेलचा व्हीलबेस २,४६५, रुंदी १,६९० च्या आसपास. बीटच्या पायावर, म्हणजे शरीराखालच्या मूळ सांगाड्यावर, एसयूव्हीचे शरीर चढवले तर ती अरुंद आणि उंच दिसते, वळणावर झुकतेही जास्त. सेलचा पाया लांबीला ठीक होता, पण दहा सेंटिमीटर रुंद करायचा तर फ्लोअरचे पत्रे, क्रॉस मेंबर, पुढची सबफ्रेम, मागचा अ‍ॅक्सल, डॅशबोर्डमागची आडवी बीम, सगळे नवे. तेवढे बदलल्यावर त्याला जुना पाया म्हणायचे कशाला?

इंजिनाची मात्र अडचण नव्हती. फियाटच्या परवान्यातले १,२४८ सीसीचे डिझेल सेल आणि एन्जॉयमध्ये होतेच, आणि २०१६ मध्ये ब्रेझा बाजारात आली ती याच घराण्याच्या १.३ डिझेलवर. म्हणजे जीएमकडे इंजिन होते, कर वाचवणारी लांबी होती, देखणा आकारही होता. नव्हता तो पाया.

आकार दाखवणे तुलनेने सोपे असते. प्रदर्शनातली गाडी कशी बनते ते बडोद्यात फाइन आर्ट्सच्या शिल्पकला विभागात वावरलेल्यांना चटकन कळेल, कारण वाट बरीचशी तीच आहे. लोखंडी सांगाड्यावर फोम, त्यावर साधारण ५५ ते ६० अंशांना ऊन करून मऊ केलेली औद्योगिक माती, मग मिलिंग मशीन आणि हाताने पट्ट्या फिरवून पृष्ठभाग काढायचा. त्यावर ताणून फिल्म चिकटवली की रंग आणि चमक कशी पडते ते कळते. पुढे स्कॅन, साचा, फायबरग्लास. या गाडीला पत्र्याचा नियम लागू नसतो. कडा हवी तेवढी धारदार, चाके हवी तेवढी मोठी, आरसे बोटभर.

पत्र्यात आले की कटकट सुरू होते. ०.७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कारचा एक बाहेरचा भाग काढायला प्रेसमध्ये चार-पाच टप्पे लागतात: आधी खोल दाब, मग कडा कापणे, भोके, कडा दुमडणे, शेवटी पुन्हा दाब. प्रत्येक टप्प्याला वेगळी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. मातीतली धारदार घडी पत्र्यात घातली तर वाकणाऱ्या जागी पत्रा पातळ होतो आणि फाटतो. फाटला नाही तर दाब निघाल्यावर थोडा परत उसळतो आणि दरवाजा व फेंडरमधली फट एका टोकाला तीन, दुसऱ्या टोकाला पाच मिलिमीटर भरते. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत, डाय बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम केलेल्या कुणालाही हे दुखणे नवे नाही. डाय पुन्हा घासा, पुन्हा ट्रायल घ्या. यात महिने जातात, आणि डायचा खर्च वसूल व्हायला वर्षाला हजारोंनी गाड्या खपाव्या लागतात. तेवढा खप होईल असे मुख्यालयाला पटले तरच पैसे सुटतात.

हालोलचा पूर्वेतिहास इथे मध्ये येतो. हिंदुस्थान मोटर्सच्या ट्रकच्या कारखान्यात जीएमने १९९४ मध्ये भागीदारी केली, १९९६ मध्ये ओपेल अ‍ॅस्ट्रा काढली, १९९९ मध्ये भागीदाराचा हिस्सा घेतला. मग कोर्सा, पुढे शेवरलेचे नाव, २००४ मध्ये तवेरा. तवेराने कारखान्याला वर्षानुवर्षे काम दिले, पण ती स्वतंत्र चासीवर शरीर ठेवलेली गाडी. तिची लाइन आणि जोडणीच्या वेळी भाग धरून ठेवणारे फिक्श्चर एकसंध शरीराच्या छोट्या गाडीला उपयोगाचे नाहीत. छोट्या गाड्यांचे काम २००८ मध्ये सुरू झालेल्या तळेगावच्या नव्या कारखान्याकडे सरकले होते. त्यात जुलै २०१३ मध्ये १,१४,००० तवेरा परत मागवाव्या लागल्या, कारण उत्सर्जनाच्या चाचण्यांत हेराफेरी झाल्याचे कंपनीने स्वतःच कबूल केले. आद्रावरचा पडदा बाजूला व्हायच्या सहाच महिने आधीची ही गोष्ट. प्रदर्शनातल्या रोषणाईमागे घरची स्थिती अशी होती.

त्या काळातल्या इतर कॉन्सेप्ट, म्हणजे प्रदर्शनापुरत्या बनवलेल्या गाड्या, पाहिल्या की फरक डोळ्यांत भरतो. मारुतीने एक्सए अल्फा २०१२ मध्ये दाखवली, चार वर्षांनी ब्रेझा आली. टाटांची नेक्सॉन आद्रासोबत त्याच प्रदर्शनात होती, सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आली. दोघांकडे अंगाला येईल असा पाया होता आणि तो ओढून-ताणून बसवण्याची चिकाटीही. फोक्सवॅगनची ३,८५९ मिलिमीटरची टायगुनही २०१४ च्या प्रदर्शनात होती. तिचे आद्रासारखेच झाले. नाव मात्र २०२१ मध्ये वापरले गेले, तेही चार मीटरांची मर्यादा ओलांडलेल्या गाडीवर.

जुलै २०१५ मध्ये जीएमने भारतासाठी १ अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि त्याच दमात हालोल बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. उत्पादन तळेगावला एकवटायचे होते. नव्या गाड्यांची मदार चीनच्या सैक कंपनीबरोबर नव्याने आखलेल्या पायावर होती, आणि २०१६ मध्ये ती गुंतवणूकच थांबवली गेली. २८ एप्रिल २०१७ रोजी हालोलचे काम बंद झाले. १८ मे रोजी देशांतर्गत विक्री संपवत असल्याची घोषणा आली. त्याआधीच्या आर्थिक वर्षात देशात जेमतेम २५ हजारांवर गाड्या विकल्या गेल्या होत्या, निर्यात ७० हजारांच्या घरात. हालोलचा कारखाना सैकने घेतला. हीच सैक २००९ मध्ये जीएमच्या भारतीय कंपनीत निम्मी भागीदार झाली होती. २०१९ मध्ये तिथून सैकच्याच एमजी या नावाची हेक्टर निघाली.

आद्रानंतर दोन वर्षांनी, २०१६ च्या एक्स्पोमध्ये, जीएमने एसेन्शिया नावाची आणखी एक चार मीटरांच्या आतली गाडी दाखवली. बीटला डिकी जोडलेली सेडान, ती २०१७ मध्ये भारतात यायची होती. तिचा पाया बीटचाच होता, डाय आणि जोडणीच्या जिगचे काम पुढे सरकले होते, म्हणून ती बनलीही. तळेगावात बनून ती बीट नावानेच मेक्सिकोत विकली गेली. तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. तोपर्यंत तिथून निघणाऱ्या गाड्या निर्यातीच्याच होत्या, त्यामुळे एसेन्शिया बडोद्याच्या शोरूमपर्यंत पोहोचलीच नाही.