मिरज–लातूर रेल्वेमार्गाचे गेज परिवर्तन

मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर हा जुना नॅरोगेज (अरुंद रुळांचा) मार्ग सरकारी खर्चाने ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) करण्याचा प्रकल्प. दक्षिण महाराष्ट्र आणि मराठवाडा यांना जोडणाऱ्या या मार्गाचे काम टप्प्याटप्प्याने चालले आणि २००२ ते २०११ च्या सुमारास त्यातील मोठा भाग पुरा झाला.

मूळ मार्ग सरकारचा नव्हता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीने १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू केला. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. गाडी पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पंढरीचे वारकरी आणि बार्शी-लातूरच्या पेठांचा माल हे तिचे हक्काचे उत्पन्न. १ जानेवारी १९५४ रोजी केंद्र सरकारने कंपनी विकत घेतली. तेव्हापासून मार्ग सुधारायचा की तसाच रेटायचा, हा प्रश्न रेल्वेच्या तिजोरीचा झाला आणि पुढची चार-पाच दशके तो बहुतांशी रेटलाच गेला.

नॅरोगेजचा खरा तोटा वेगापेक्षा कुर्डुवाडीला कळे. तिथे हा मार्ग ब्रॉडगेजला मिळे, म्हणून प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावे लागे. त्यात हमाली, वेळ आणि नासधूस आली. व्यापारी मग ट्रककडे वळले, उत्पन्न घटले आणि घटलेले उत्पन्न दाखवूनच मार्गाला पैसा नाकारणे सोपे झाले. रेल्वेच्या नियमाप्रमाणे नव्या भांडवली कामातून त्या काळी १४ टक्के परतावा अपेक्षित असे. मागास भागातले मार्ग या कसोटीला क्वचितच उतरत. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘युनिगेज’ धोरणाने ही कोंडी फोडली. देशभर एकच गेज असावे हा निकष आल्यावर एकेका मार्गाच्या नफ्यातोट्याला तेवढे वजन उरले नाही.

तरी निधी दरवर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून हप्त्याहप्त्याने येई. हे प्रकल्प रखडायचे खरे कारण तेच. मंजुरी संपूर्ण मार्गाला असते. पैसे मात्र त्या वर्षी ज्या तुकड्याच्या वाट्याला येतील त्यालाच. २००२ मध्ये कुर्डुवाडी–पंढरपूर, २००७ मध्ये लातूर–उस्मानाबाद, २००८ मध्ये उस्मानाबाद–कुर्डुवाडी आणि शेवटी पंढरपूर–मिरज अशी कामे उरकली. ज्या तुकड्याचे रूळ उखडले, तिथल्या प्रवाशाला काम संपेपर्यंत एसटीशिवाय पर्याय नव्हता. याच सुमारास लातूर–लातूर रोड (दुसऱ्या मार्गावरचे वेगळे स्टेशन) हा दुवा जोडला गेल्यामुळे लातूर हे टोकाचे स्टेशन राहिले नाही.

या खर्चाचे सर्वांत दृश्य फळ उस्मानाबादला (आता धाराशिव) मिळाले. जिल्ह्याचे ठाणे असूनही गावाला जुनी रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन येडशी. रुंदीकरण करताना आखणीच बदलली आणि मार्ग शहरापर्यंत नेला. केवळ जुन्या भरावावर नवे रूळ टाकले असते तर खर्च कमी आला असता, पण शहर पुन्हा बाजूलाच राहिले असते.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ३४० किमी अंतर कापून ‘जलदूत’ ही पाण्याची गाडी दुष्काळी लातुरात आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींतून एका खेपेस २५ लाख लिटर येऊ लागले. अडीच फुटी रुळांवर हे शक्य नव्हते आणि १४ टक्क्यांच्या हिशेबात अशा गाडीला रकानाही नव्हता. मे महिन्यात रेल्वेने या वाहतुकीचे सुमारे ४ कोटी रुपयांचे बिल जिल्हा प्रशासनाकडे पाठवले, तेव्हा आपत्तीतल्या वाहतुकीचा भार कोणी उचलायचा, यावर बरीच चर्चा झाली.

पुढे लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला.