वादळात मोडलेलं झाड: कुऱ्हाड लावण्याआधी

वादळ ओसरलं की आमचा फोन वाजतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "झाड तोडायला कधी येता?" तोडायचं काम आम्ही करतोच, पण आधी हे वाचा.

प्रथम लांबूनच पाहा. तारेला टेकलेल्या फांदीच्या जवळ जाऊ नका, वीज कंपनीला कळवा. वर अडकून लोंबणारी फांदी वारा नसतानाही खाली येते. झाड नव्याने कललं असेल आणि मागच्या बाजूची जमीन भेगाळून उचलली असेल, तर मुळं सुटली आहेत. मोठं झाड मग सहसा वाचत नाही. कोवळं झाड मात्र सरळ करून, मुळं मातीने झाकून, रुंद पट्ट्याने सैलसर बांधावं. वर्षभराने आधार आठवणीने काढा. विसरलेली दोरी खोडात रुतते.

बुंधा शाबूत आणि निम्म्याहून जास्त फांद्या जागेवर असतील, तर एक हंगाम थांबा. पानं झडलेल्या फांदीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवी ओल दिसली, की जीव आहे.

मोडकी फांदी कापताना ती खोडाला जिथे जुळते तिथे बोट फिरवा. तिथे फुगीर, सुरकुतलेलं कडं लागतं. जखम भरते ती या कड्यातून, म्हणून ते कापायचं नाही आणि पुढे खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी एका दमात कापली, तर पडताना खोडाची साल सोलून नेते. आधी कड्यापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग टोकाच्या दिशेने थोडं पुढे वरून, शेवटी उरलेला खुंट कड्यालगत. शिडीवर चढून करवत धरायची वेळ आली, तर मात्र आम्हाला बोलवा.

जखमेवर डांबर, रंग काही लावू नका. लेपाखाली ओल कोंडते. "समान दिसावं" म्हणून शेंडा उडवू नका, तिथून फुटणारे धुमारे कमकुवत असतात. यंदा खत नको. पाणी द्या, २ ते ४ इंच पालापाचोळा पसरा, बुंध्याला न टेकवता.

जुनं जगेल का, अशी शंका असेल तर बदली झाड आत्ताच थोडं बाजूला लावा. तेवढीच वर्षं वाचतात. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र गड्ड्याएवढीच. जागा ठरवताना रोपाकडे नाही, पूर्ण वाढलेल्या घेराकडे पाहा. अरुंद बेचक्याचं रोप टाळा, वादळात झाड तिथेच चिरतं. आणि रोपवाटिकेत पिशवी सोडून दाखवायला सांगा: मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील, तर दुसरं घ्या.